पायांची ताकद आणि पायांची शक्ती : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील व्यायामनिवडीचा आढावा

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे लागणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत पायांच्या क्षमतेचा प्रश्न मुख्यतः तीन वाटांनी पुढे येतो. पहिली वाट कबड्डी आणि खो-खोची, दुसरी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची आणि तिसरी मलंगगडासारख्या डोंगरांवर चढणाऱ्या भटक्यांची. तिन्ही वाटांवरचा तरुण एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे पायांसाठी नेमका कोणता व्यायाम करावा. तालमीतला वस्ताद त्याला बैठका सांगतो, जिममधला प्रशिक्षक खांद्यावर बार देतो, धावण्याचा सराव घेणारा चढावर पळवतो आणि मोबाइलवरची चित्रफीत खोक्यावर उड्या मारायला लावते. यांपैकी कोणतेही उत्तर निखालस चूक नाही, पण प्रत्येक उत्तर पायांच्या वेगळ्या गुणाविषयीचे आहे आणि हा भेद सांगितला जात नसल्यामुळे वर्षभर घाम गाळूनही वेळ आणि उडी जिथल्या तिथे राहते. या लेखात त्या निरनिराळ्या पर्यायांचा, त्यांमागील शास्त्राचा आणि या पट्ट्यातील परिस्थितीत त्यांचा क्रम कसा लावावा याचा आढावा घेतला आहे.

ताकद, शक्ती आणि वेळ

बोलीभाषेत ताकद आणि शक्ती हे शब्द एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी व्यायामशास्त्रात त्यांत फरक करावा लागतो. स्नायू जास्तीत जास्त किती बल लावू शकतो याला ताकद म्हणतात, तर ते बल किती वेगाने कामी येते याचे माप म्हणजे शक्ती, अर्थात बल आणि वेग यांचा गुणाकार. ६० किलो वजनाचा प्रवासी ६ मीटर उंचीचा रेल्वेचा पादचारी पूल चढतो तेव्हा शरीर वर नेण्यासाठी त्याला सुमारे ३,५०० ज्यूल कार्य करावे लागते. तो १२ सेकंदांत चढला तर त्याची सरासरी शक्ती सुमारे २९४ वॉट भरते आणि फलाटावर लोकल लागलेली पाहून ८ सेकंदांत चढला तर ती ४४१ वॉट होते. पूल तोच, वजन तेच आणि कार्यही तेवढेच असते. बदलतो तो फक्त वेळ.

बल आणि वेग यांचे नाते मात्र सरळ नाही. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले, की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटत जाते. त्यामुळे स्नायूची सर्वाधिक शक्ती पूर्ण बलाच्या टोकाला किंवा पूर्ण वेगाच्या टोकाला न सापडता मधल्या टप्प्यात सापडते. यात आणखी एक मर्यादा येते ती वेळेची. पायाला आपले कमाल बल उभे करण्यास साधारण एक तृतीयांश सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, पण पूर्ण वेगात धावणाऱ्या चांगल्या धावपटूचा पाय जमिनीला सुमारे एक दशांश सेकंदच टेकलेला असतो. म्हणून नुसते बल पुरत नाही आणि ते किती झटकन उभे राहते हेही पाहावे लागते. या गुणाला बलवृद्धीचा दर असे म्हणता येईल. मुळात बल थोडेच असेल तर ते झटकन उभे करूनही फारसे हाती लागत नाही, आणि व्यायामनिवडीचा सगळा वाद या दोन विधानांच्या मधल्या जागेत चालतो.

तालमीचे देणे आणि तिची मर्यादा

महाराष्ट्रात पायांच्या व्यायामाची जुनी आणि समृद्ध परंपरा आहे. बडोद्याहून १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या दहा खंडांच्या मराठी व्यायामज्ञानकोशावरून तिच्या व्याप्तीची कल्पना येते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिळवलेले कुस्तीचे कांस्यपदक याच मातीतल्या मेहनतीतून आलेले होते. जोर आणि बैठका हा त्या मेहनतीचा कणा होय. तालमीच्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात आणि हातांच्या झोक्याबरोबर शरीर लयीत खालीवर होते, त्यामुळे मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू आणि पोटऱ्या यांवर मुख्य भार पडतो, तर नितंबाचे आणि मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू, ज्यांना जिममध्ये हॅमस्ट्रिंग म्हणतात, त्या मानाने कमी राबतात.

बैठकांचा मोठा गुण म्हणजे त्यांनी स्नायूंचा दम वाढतो, गुडघा पूर्ण वाकण्याची सवय राहते आणि साधन काहीच लागत नाही. त्यांची मर्यादाही तिथेच आहे. जो सलग दोनशे बैठका काढतो त्याच्या दृष्टीने एका बैठकीचा भार त्याच्या कमाल ताकदीचा लहानसा अंशच असतो, म्हणून संख्या दोनशेवरून तीनशेवर नेल्याने दम वाढतो, पण कमाल ताकद फारशी वाढत नाही. हलक्या भाराने थकेपर्यंत काम केल्यास स्नायूचा आकार वाढू शकतो, परंतु कमाल ताकदीसाठी जड भारच अधिक उपयोगी पडतो, हा निष्कर्ष अलीकडच्या तुलनात्मक अभ्यासांतून पुनःपुन्हा निघालेला आहे. जुन्या वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते, असे त्यांच्या पद्धतींवरून दिसते. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका काढणे, दगडी नाल उचलणे आणि हौद्यातली माती फावड्याने खणून काढणे हे भार वाढवण्याचेच प्रकार होते. परंपरेतला हा जड भाग गळून पडला आणि फक्त संख्या उरली, ही आजच्या बैठकांची खरी अडचण आहे.

भार : किती, किती खोल आणि कोणत्या पायावर

भार क्रमाक्रमाने वाढवत नेण्याच्या पद्धतीला शास्त्रीय रूप आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जेव्हा अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या मांड्यांची ताकद परत आणण्यासाठी वाढत्या वजनांचा वापर करून १९४५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. आज कमाल ताकदीसाठी सामान्यतः सांगितला जाणारा भार म्हणजे एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के, प्रत्येक फेरीत ३ ते ६ आवर्तने, ३ ते ५ फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये २ ते ४ मिनिटांची विश्रांती. या विश्रांतीला आळस समजून ती कापण्याची सवय अनेक जिममध्ये दिसते. पण ती कापली की पुढच्या फेरीचे वजन उतरते आणि व्यायाम ताकदीचा न राहता पुन्हा दमाचा होतो.

खांद्यावर बार घेऊन केलेली बैठक, म्हणजे स्क्वॉट, हा या गटातला सर्वाधिक अभ्यासलेला व्यायाम आहे. नॉर्वेतील अव्वल फुटबॉलपटूंच्या २००४ मधील एका अभ्यासात अर्ध्या स्क्वॉटमधील कमाल ताकद, १० व ३० मीटरची धाव आणि उभ्या उडीची उंची यांत घनिष्ठ संबंध आढळला होता. खोलीविषयीचा वाद मात्र जुना आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत कार्ल क्लाइन यांनी पूर्ण खोल बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असे मत मांडले आणि ते दीर्घकाळ टिकले, पण नंतरच्या अभ्यासांनी निरोगी गुडघ्याच्या बाबतीत त्याला दुजोरा दिला नाही. भारतीय शौचालयावर आणि जेवणाच्या पंगतीत आयुष्यभर बसणाऱ्या समाजाला ही भीती तशी परकीच होती. उडी वाढवण्यासाठी कोणती खोली बरी, याविषयी निष्कर्ष भिन्न आहेत. एका अभ्यासात खोल स्क्वॉट करणाऱ्यांची उडी पाव स्क्वॉट करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली, तर आधीच चांगली ताकद कमावलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या दुसऱ्या अभ्यासात पाव स्क्वॉटचा लाभ अधिक दिसला. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर नवख्याने आधी पूर्ण खोलीत ताकद कमवावी आणि अनुभवी खेळाडूने स्पर्धेच्या तोंडावर जड पाव स्क्वॉटची जोड द्यावी, असा व्यवहार्य अर्थ निघतो.

स्क्वॉट गुडघा आणि नितंब दोन्हींना कामाला लावतो, तर जमिनीवरून वजन उचलण्याच्या डेडलिफ्टमध्ये कमरेतून वाकून सरळ होण्याला प्राधान्य असल्याने नितंब, हॅमस्ट्रिंग आणि पाठ अधिक राबतात. धावताना शरीराला पुढे ढकलण्याचे काम याच मागच्या साखळीचे असल्यामुळे फक्त बैठका काढणाऱ्याच्या व्यायामात हीच उणीव राहते. लेग प्रेस आणि लेग एक्स्टेंशन ही यंत्रे स्नायू वाढवण्यास आणि दुखापतीनंतर उपयोगी पडतात. पण तोल आणि धड यांची जबाबदारी यंत्राने घेतल्यामुळे त्यांवर कमावलेली ताकद उडीत तितकीशी उतरत नाही.

एका पायाच्या व्यायामांचा, म्हणजे लंज किंवा मागचा पाय बाकावर ठेवून केलेल्या स्प्लिट स्क्वॉटचा, विचार वेगळा करावा लागतो, कारण धावणे, चढाईत पाय टाकणे आणि हूल देऊन दिशा बदलणे ही कामे एका वेळी एकाच पायावर होतात. टोकियोतील २०२५ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आलेला नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे उंच उडीत शरीराचा सारा भार एका पायावरूनच उधळतो. तरुण रग्बीपटूंच्या एका तुलनेत स्प्लिट स्क्वॉट आणि दोन पायांचा स्क्वॉट यांनी धाव व ताकद जवळजवळ सारखीच सुधारली. ज्याच्याकडे बार आणि प्लेट्सचा मोठा संच नाही त्याच्यासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण एका पायावर निम्मे वजनही पुरेसे जड ठरते.

उडी, झेप आणि ऑलिंपिक उचल

स्नायू आणि कंडरा आधी झटकन ताणून लगेच आखडले तर अधिक जोर निघतो. उडी मारण्यापूर्वी माणूस आपोआप गुडघे वाकवतो तो यामुळेच. या ताण-आखडण्याच्या चक्राला प्रशिक्षण देणाऱ्या उड्यांना प्लायोमेट्रिक व्यायाम म्हणतात. उंचावरून उतरून तत्क्षणी वर झेपावण्याची तीव्र पद्धत १९६० च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी विकसित केली. या उड्यांचे मूल्य संख्येत नसून प्रत्येक उडीच्या ताजेपणात असते. एका फेरीत ३ ते ६ उड्या आणि मग पूर्ण विश्रांती हे प्रमाण पुरेसे आहे, आणि दमल्यावर मारलेली पन्नासावी उडी वेगाऐवजी संथपणाच शिकवते.

या बाबतीत खो-खो हा खेळच एक प्रयोगशाळा आहे. पाटीवर बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातून उठतो, दोन पावलांत वेग घेतो, खांबाशी शरीर झोकून वळतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याला ‘खो’ देऊन पुन्हा बसतो. पहिल्या उठण्यात ताण-आखडण्याचे चक्र जवळजवळ नसते, म्हणून तिथे निव्वळ बल लागते, तर धावत वळण्यात ते चक्र पूर्ण कामी येते. म्हणजे खो-खोपटूला एक क्षण खाली थांबून मारलेली उडी आणि लागोपाठची उडी, दोन्ही हव्यात. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजेत्या ठरलेल्या भारताच्या पुरुष आणि महिला संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे होते. कबड्डीत चढाईचा अवधी ३० सेकंदांचा आणि मैदानाची लांबी पुरुषांसाठी १३ मीटर असल्याने चढाईपटूला दीर्घ धावेची गरज कधीच पडत नाही. त्याला लागतो तो बोनस रेषेपलीकडे पाय टाकून तोच पाय उलट दिशेने परतवण्याचा जोर, आणि क्षेत्ररक्षकाला लागते ती साखळी धरून पाय रोवून उभे राहण्याची ताकद.

स्नॅच आणि क्लीन या ऑलिंपिक उचलींत जड वजन वेगाने वर न्यावे लागत असल्याने शक्ती वाढवण्याचे साधन म्हणून त्यांची ख्याती आहे. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसमधील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ४५ किलो वजनगटात स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो उचलून सुवर्णपदक मिळवले, हे पायांच्या शक्तीचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण आहे. तथापि या उचली शिकण्यास जाणता प्रशिक्षक आणि बराच काळ लागतो. हाती वजन घेऊन किंवा न घेता मारलेल्या उड्यांतूनही तोच गुण बऱ्याच अंशी मिळत असल्याने, भारोत्तोलन हाच ज्याचा खेळ नाही त्याने प्रशिक्षक नसताना त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

ताकद आधी की उड्या आधी, या प्रश्नावर प्रू कॉर्मी आणि सहकाऱ्यांचा २०१० मधील प्रयोग उद्‌बोधक आहे. तुलनेने कमी ताकदीच्या पुरुषांच्या एका गटाने १० आठवडे जड स्क्वॉट केले आणि दुसऱ्याने उड्या मारल्या. उडी आणि धाव दोन्ही गटांत सारखीच सुधारली, मात्र कमाल ताकदीची मोठी वाढ स्क्वॉट करणाऱ्या गटाला वरकड मिळाली. म्हणजे नवख्यासाठी जड भार हा दुहेरी लाभाचा सौदा ठरतो आणि ताकद पुरेशी झाल्यावर वेगवान कामाचे महत्त्व वाढत जाते.

पोलीस भरती, धाव आणि डोंगर

ही तिन्ही शहरे ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि शिपाई भरतीची मैदानी चाचणी हे इथल्या असंख्य तरुणांच्या पहाटेच्या धावण्यामागचे कारण असते. या चाचणीच्या ५० गुणांपैकी पुरुषांसाठी १,६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावेला २०, तर १०० मीटर धावेला आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण आहेत. प्रत्यक्षात बहुतेकांचा सराव लांब धावेभोवतीच फिरतो, वास्तविक उरलेले ३० गुण थेट शक्तीचे आहेत; ७.२६० किलोचा गोळा हातातून सुटत असला तरी त्याचा जोर मागच्या पायाच्या ढकलण्यातून सुरू होतो.

ताकदीच्या व्यायामाने अंग जड होऊन धाव मंदावते, ही समजूत अभ्यासांना धरून नाही. फिनलंडमधील १९९९ च्या एका प्रयोगात धावपटूंच्या सरावाचा काही भाग काढून त्याजागी उड्या व वेगवान ताकदीचे काम दिल्यावर नऊ आठवड्यांत त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली, तर नॉर्वेत ४ आवर्तनांच्या ४ फेऱ्या अशा जड अर्ध्या स्क्वॉटने आठ आठवड्यांत धावण्यातली ऊर्जेची काटकसर सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. उलट दिशेचा इशाराही आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवले, की ताकद आणि दम या दोन्हींचा आठवड्यातले बहुतेक दिवस कठोर सराव एकत्र केला तर सुरुवातीला वाढणारी ताकद पुढे थांबते आणि मग घसरू लागते. म्हणून एकाच दिवशी दोन्ही करायचे असतील तर मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे आणि ताकदीचे दिवस आठवड्याला दोनच ठेवावेत.

अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडाच्या दोन हजारांहून अधिक पायऱ्या हा या पट्ट्यातला फुकट मिळणारा व्यायाम आहे आणि त्याचे दोन चेहरे ओळखले पाहिजेत. चढताना स्नायू आखडत काम करतो आणि छाती भरून येते. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि स्नायूंना सूक्ष्म इजा होते ती याच कामात. गड चढून आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्थानकाचा जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या चढामुळे नसून उतारामुळे. सलग पायऱ्या चढणे हे दमाचे काम होय. शक्तीसाठी वापरायचे तर दहा-बारा पायऱ्यांचा एक टप्पा पूर्ण जोराने चढून सावकाश खाली यावे आणि श्वास पूर्ण स्थिरावल्यावरच पुन्हा जावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि चिखललेली मैदाने यांमुळे हे काम धोक्याचे होते, म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ जिममधील जड भारासाठी आणि कोरडे महिने वेगासाठी, अशी वाटणी इथल्या हवामानाला साजेशी आहे.

दुखापत, विश्रांती आणि खुराक

व्यायामाची निवड करताना कामगिरीइतकाच विचार दुखापतीचा करावा लागतो. गुडघे टेकून, घोटे जोडीदाराला धरायला लावून शरीर हळूहळू पुढे सोडण्याचा नॉर्डिक व्यायाम नियमित केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटतात, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. त्याला सतरंजीपलीकडे काही लागत नाही. मुलींमध्ये गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची इजा मुलांपेक्षा अधिक आढळते, म्हणून उडी घेण्याआधी उतरणे शिकवणे, म्हणजे गुडघे आत न झुकू देता आवाज न करता पाय टेकणे, हा त्यांच्या सरावाचा पहिला धडा असला पाहिजे. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, या समजुतीलाही आधार नाही.

बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर दूर आहे, आणि जाता-येता रोज तीन तास गर्दीत उभे राहणाऱ्याची विश्रांती मुळातच तोकडी असते. अशा माणसाला सहा दिवसांचा कार्यक्रम देणे म्हणजे त्याला तिसऱ्या आठवड्यात घरी बसवणे होय. खुराकाबाबत, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. दूध, डाळी, चणे, सोयाबीन, अंडी, मासे यांतून हे प्रमाण गाठता येते आणि पावडरीचा डबा त्यासाठी अपरिहार्य नाही.

निवडीचा क्रम

या सर्व पुराव्यांतून एकच श्रेष्ठ व्यायाम निघत नाही, पण एक क्रम निघतो. बहुतेक नवख्यांच्या बाबतीत उणीव ताकदीची असते, म्हणून पहिले ८ ते १२ आठवडे एक खोल स्क्वॉट, एक डेडलिफ्टसारखी कमरेतून वाकण्याची उचल, एक एका पायाचा व्यायाम आणि नॉर्डिक, असे चारच प्रकार आठवड्यातून दोनदा करावेत, आणि त्यांच्या आधी, ताज्या अंगाने, मोजक्या उड्या माराव्यात. त्यापुढचे आठवडे स्क्वॉटच्या फेऱ्या कमी करून उड्या, चढावरच्या छोट्या धावा आणि खेळातल्या हालचाली वाढवण्यासाठी ठेवावेत. ज्याला जिम परवडत नाही त्याने यासाठी अडून राहू नये. जीन्सच्या शिलाईसाठी आणि फर्निचरसाठी ओळखल्या जाणाऱ्या उल्हासनगरात जाड डेनिमची दुहेरी शिवणीची पिशवी आणि ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचे लाकडी खोके करून घेणे अवघड नाही; अशा पिशवीत साधारण १२ ते १३ लिटर कोरडी वाळू भरली की २० किलोचा भार तयार होतो आणि एका पायाच्या बैठकीला तो अनेकांना पुरून उरतो.

प्रगती मोजण्यासाठी बैठकांची संख्या हे माप अपुरे आहे. बोटाला खडू लावून भिंतीजवळ उभे राहावे, हात उंच करून एक खूण करावी, मग जागेवरून उडी मारून दुसरी करावी आणि दोन्हींतले अंतर दर चार आठवड्यांनी वहीत लिहावे. त्याच्या शेजारी ३० मीटर धावेची वेळ आणि स्क्वॉटचे वजन लिहावे. वजन वाढते आहे पण खूण वर सरकत नाही, तर आता वेगाच्या कामाची पाळी आली असे समजावे. वजन आणि खूण दोन्ही थांबले असतील तर झोप, जेवण आणि विश्रांती तपासावी. कोणता व्यायाम करावा या प्रश्नाचे उत्तर वस्तादाच्या, प्रशिक्षकाच्या किंवा मोबाइलच्या मतापेक्षा त्या दोन खुणांमधल्या अंतरावरून अधिक खात्रीने मिळते, आणि तेवढ्यासाठी भिंत आणि खडू पुरतो.